‘भूमिका’च्या लेखाची तपासणी

श्याम बेनेगलांच्या १९७७च्या ‘भूमिका’ या चित्रपटावरच्या लेखाबद्दल आधी कुणीतरी ‘कथानक अजून वाढवा’ अशी सूचना केली आहे. मला उलट वाटतं. या लेखाचा निम्मा भाग कथानकानेच खाल्लाय, आणि खरी अडचणही तिथेच आहे.

‘हंसाबाई काळ्यांच्या वाड्यात अडकल्या’ हे वाक्य बघा. चित्रपटातल्या काळे या पात्राच्या वाड्यात अडकते ती उषा, स्मिता पाटीलने उभी केलेली व्यक्तिरेखा. चित्रपट अभिनेत्री हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला असला तरी ते त्यांचं चरित्र नव्हे. कथानकात सगळीकडे उषाच हवी. हंसाबाईंबद्दल वेगळा विभाग करा, त्याला पुस्तकाचे पृष्ठक्रमांक द्या.

‘सांगत्ये ऐका’चाही घोळ झालाय. १९५९चा अनंत माने यांचा चित्रपट वेगळा आणि अरुण साधूंनी शब्दांकन केलेलं आत्मकथन वेगळं. दोन्हींना एकच दुवा चालणार नाही. साधूंचं नाव लेखात नसणं तर मला फारच खटकलं.

पुरस्कारांत स्मिताचा राष्ट्रीय पुरस्कार आहे, पटकथेचा राहिलाय. ‘अजरामर’, ‘अविस्मरणीय’ ही विशेषणं काढा, त्याऐवजी त्या काळातली परीक्षणं शोधा. छायाचित्रणाचा, म्हणजे गोविंद निहलानींच्या कामाचा भाग मात्र उत्तम जमलाय, त्याला हात लावू नका.