एआयमुळे औषधं झटपट येणार म्हणतात, पण खरं अडतंय कुठे? (ऑनलाइन चर्चा, प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

उंबरठा

२०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालं, बेकरना नवीन प्रोटीन घडवल्याबद्दल आणि बाकी दोघांना अल्फाफोल्डबद्दल, म्हणजे प्रोटीनची रचना ओळखणाऱ्या एआयबद्दल. तेव्हापासून जो तो हेच सांगतोय की औषधाला दहा-बारा वर्षं लागायचे दिवस संपले, कॉम्प्युटर रेणू काढून देणार आणि दोन वर्षांत गोळी बाजारात. मला हे अजिबात पटत नाहीये. का ते जरा सविस्तर लिहितो, कारण गेली आठ वर्षं मी क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे माणसांवर औषध तपासायच्या चाचण्यांमध्ये, को-ऑर्डिनेटर आहे आणि त्यातली बरीचशी फुप्फुसांच्या आजारात गेली.

इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस म्हणून एक आजार आहे, त्यात फुप्फुसं आतून निबर होत जातात. ट्रायलमधला पेशंट आला की त्याला नळीत फुंकायला लावायचं, पूर्ण श्वास भरून घ्या, आता फुंका, फुंका, अजून फुंका, सोडू नका. असं किमान तीनदा नीट जमायला लागतं आणि आकडे एकमेकांशी जुळायला लागतात, नाहीतर परत. आधीच दम लागलेला माणूस, चौथ्या-पाचव्या वेळेला डोळ्यात पाणी येतं. एक निवृत्त शिक्षक यायचे, दर खेपेला फुंकून झालं की विचारायचे, "मला मिळतंय ते खरं औषध आहे की नुसतीच गोळी?" मलाही माहीत नसायचं, कारण आम्हाला ते माहीत नसणं हाच तर नियम. आता सांगा, हे फुंकणं आणि ही वाट बघणं एआय कसं काय उरकणार? आजार ज्या गतीने वाढतो त्याच गतीने कळणार की औषधाने तो थांबला की नाही. वेळ लागतोच.

उदाहरणही ह्याच आजाराचं देतो. रेंटोसर्टिब नावाचं औषध, टार्गेट, म्हणजे शरीरातल्या कुठल्या प्रोटीनवर नेम धरायचा ते, एआयने सुचवलं, रेणू एआयने बनवला, कंपनी म्हणते टार्गेटपासून रेणूपर्यंत दीड वर्षात पोचलो. मान्य, कौतुकच आहे. पण फेज टूच्या, म्हणजे औषध लागू पडतं का हे बघणाऱ्या दुसऱ्या टप्प्याच्या, सुरुवातीच्या ट्रायलचा सविस्तर निकाल छापून यायला २०२५ चा जून उजाडला, त्यात माणसं ७१ आणि काळ १२ आठवडे. दिवसाला ६० मिलिग्रॅम घेणाऱ्यांची फुंकायची क्षमता सरासरी ९८.४ मिलिलीटरने वाढली, प्लासिबो, म्हणजे नुसतीच गोळी, घेणाऱ्यांची २०.३ ने घटली. वाचून मला खरंच आनंद झाला. पण एकेका गटात १७-१८ माणसं, मोठी ट्रायल अजून बाकी, आणि माणसांवर चाचणी सुरू झालेल्या दहा औषधांपैकी साधारण नऊ वाटेतच पडतात. वेळ आणि पैसा खातो तो हा टप्पा आणि सगळं कौतुक मात्र त्याच्या आधीच्या टप्प्याचं.

रसायनी

पूर्ण असहमत. तुम्ही शेवटच्या दारात उभे आहात म्हणून तुम्हाला तिथलीच रांग दिसते, आम्ही पहिल्या दारात आहोत, इथली रांग तुम्ही बघितलेली नाही.

पीएचडीत माझी पावणेदोन वर्षं एका प्रोटीनची रचना बघायला लागणारा त्याचा क्रिस्टल जमवण्यात गेली. थेंब लावायचे, प्लेट ठेवून द्यायची, आठवड्याने मायक्रोस्कोपखाली धरायची, आत नुसता तपकिरी साका. मग मीठ थोडं कमी, आम्ल थोडं जास्त, परत शंभर थेंब, परत साका. शेवटी तो क्रिस्टल झालाच नाही आणि मला विषय बदलावा लागला. २०२२ मध्ये अल्फाफोल्डने २० कोटींहून जास्त प्रोटीनच्या रचनांचे अंदाज सगळ्यांसाठी फुकट खुले केले, त्यात माझंही प्रोटीन होतं, रात्री एकट्याने उघडून बघितलं आणि बराच वेळ नुसता बघत बसलो. अंदाज आहे, प्रयोगाने तपासावा लागतो, हे सगळं मान्य, पण अंधारात चाचपडणं आणि हातात नकाशा असणं ह्यात काहीच फरक नाही असं म्हणू नका हो.

दुसरं, औषधं ट्रायलमध्ये का पडतात? सगळ्यात जास्त पडतात फेज टूमध्ये, आणि मुख्य कारण म्हणजे औषध लागूच पडत नाही, टार्गेटच चुकीचं धरलेलं असतं. म्हणजे तुमच्याकडच्या अपयशाचं मूळ आमच्याकडे आहे. सुरुवात नीट झाली तर दहातली नऊ नाही, सात पडतील. केआरएएस नावाच्या प्रोटीनचं बघा, कॅन्सरशी त्याचा संबंध १९८२ मध्ये कळला आणि पुढची तीसेक वर्षं सगळे म्हणत राहिले की ह्या प्रोटीनवर औषध होणं शक्य नाही, पृष्ठभाग इतका सपाट की रेणूला धरायला खाचच नाही. २०१३ मध्ये केव्हन शोकाट यांच्या लॅबला एक लपलेली खाच सापडली आणि २०२१ च्या मे महिन्यात त्या खाचेत बसणाऱ्या सोटोरासिब ह्या औषधाला मंजुरी. खाच दिसेपर्यंत तीस वर्षं आणि दिसल्यावर ट्रायलसकट आठ. आता सांगा अडत कुठे होतं?

उंबरठा

केआरएएसचा मुद्दा बिनतोड आहे, मानतो. पण ती खाच एआयने नाही शोधली, लॅबमध्ये रेणू चिकटवून चिकटवून माणसांनी शोधली. आणि सातच पडतील हा अजून तरी अंदाज आहे. अमेरिकेत १९५० पासून संशोधनावरच्या दर अब्ज डॉलरमागे मिळणाऱ्या नव्या औषधांची संख्या साधारण दर नऊ वर्षांनी निम्मी होत गेली, हे २०१२ मध्ये जॅक स्कॅनेल आणि सहकाऱ्यांनी मांडलं. त्या काळात माणसाचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून झाला, लाखो रेणू यंत्राने तपासायची सोय झाली, दर वेळी हेच म्हटलं गेलं की आता चित्र पालटणार.

ओंजळभर

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही, पण आज राहवलं नाही.

माझ्या मुलीला युरिया सायकलचा जन्मजात आजार आहे. प्रोटीन पचताना तयार होणारा अमोनिया शरीराला काढून टाकता येत नाही, तो रक्तात साठला की मेंदूवर जातो. तिचं प्रत्येक जेवण मी ग्रॅमच्या काट्यावर मोजते. साधा ताप आला तरी आमची बॅग दाराशी भरून तयार असते, कारण ती जरा जास्त झोपायला लागली की झोप आलीये का अमोनिया चढलाय हे घरी कळत नाही. हॉस्पिटलात रक्त काढल्यापासून आकडा येईपर्यंतचा वेळ कसा जातो ते मला लिहिता येणार नाही.

२०२५ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियाच्या बाळाची बातमी आली. त्याचा आजार ह्याच कुटुंबातला, सीपीएस१ ह्या एन्झाइमची कमतरता, ज्यात जवळपास निम्मी बाळं तान्हेपणीच जातात. डॉक्टरांनी त्या एका बाळाच्या डीएनएमधल्या एका अक्षराची चूक दुरुस्त करणारं औषध साधारण सहा महिन्यांत बनवलं, फेब्रुवारीत पहिला डोस दिला, नंतर आणखी दोन. त्याला जास्त प्रोटीन झेपायला लागलं आणि अमोनिया कमी ठेवायच्या नेहमीच्या औषधाचा डोस कमी करता आला. बातमीत हे वाचून मी काट्याकडे बघत रडले.

उंबरठा, तुमचं काम किती मोलाचं आहे ते मला माहीत आहे, त्या शिक्षकांबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. पण "वेळ लागतोच" असं तुम्ही म्हणता तेव्हा तो वेळ कुणाच्या आयुष्यातून जातो तेही लिहा. सहा महिन्यांत होऊ शकतं हे आता दिसलंय, तर आम्ही जुन्या गतीने का थांबायचं?

शांतपणे

ताई, तुमच्या मुलीला खूप आशीर्वाद. पुढचं तुम्हाला उद्देशून नाही, पण घाईची बाजू इतकी जोरात मांडली जातेय म्हणून लिहितो.

२००६ च्या मार्चमध्ये लंडनमध्ये टीजीएन१४१२ नावाचं अँटिबॉडीचं औषध पहिल्यांदा माणसांना दिलं. प्राण्यांमध्ये सुरक्षित ठरलेल्या डोसच्या पाचशेव्या भागाएवढा डोस, सहा धडधाकट तरुण, काही मिनिटांच्या अंतराने एकामागून एक. दीडेक तासात डोकेदुखी, उलट्या, थंडी, आणि मग सहाही जण आयसीयूत, अवयव बंद पडायला लागले. जीव वाचले पण एकाला बोटं गमवावी लागली. माकडांना काहीच का झालं नाही ते मागाहून कळलं, माणसांत ज्या पेशींनी गोंधळ घातला, माकडांच्या त्याच पेशींवर औषध चिकटायची जागा, म्हणजे रिसेप्टरच नव्हता. तेव्हापासून पहिल्यांदा माणसाला औषध देताना एकाला देऊन वाट बघतात, मगच दुसऱ्याला. ही संथ गती आळसातून आलेली नाही, एकेक नियमामागे कुणीतरी सोसलेलं आहे.

आणि मंजुरी लवकर दिली की पेशंटचं भलंच होतं असंही नाही. अल्झायमरवरचं अड्युकॅनुमॅब हे औषध अमेरिकेत २०२१ मध्ये सल्लागार समितीचा विरोध असताना मंजूर झालं आणि २०२४ मध्ये कंपनीने स्वतःच बंद केलं. त्या तीन वर्षांत किती घरांनी त्याच्यावर आशा ठेवली असेल.

वाटसरू_९

तुम्ही सगळे वेगावर भांडताय आणि माझ्या मते मुख्य रोग तो नाहीच. औषध तयार असतं, पोचत नाही.

आफ्रिकेतल्या झोपेच्या आजारावर (स्लीपिंग सिकनेस, माशी चावून होणारा जीवघेणा संसर्ग) मेलार्सोप्रॉल द्यायचे, त्यात आर्सेनिक, वीसातला एक पेशंट औषधानेच मरायचा. पुढे २०१८ मध्ये फेक्सिनिडॅझोल आलं, दहा दिवस तोंडाने घ्यायच्या गोळ्या. आणि हा रेणू काही नवा नव्हता, एका कंपनीने आधी बनवून सोडून दिलेला होता, डीएनडीआय ह्या ना-नफा संस्थेने जुन्या रेणूंच्या ढिगातून तो उचलला आणि एका औषध कंपनीला बरोबर घेऊन ट्रायल पूर्ण केल्या. म्हणजे इथे कुठला नकाशा कमी पडला? ज्यांना आजार होतो त्यांच्याकडे पैसा नाही, एवढंच कमी पडलं.

उलटंही होतं. अकाओजेन नावाच्या कंपनीने प्लाझोमायसिन हे नवीन अँटिबायोटिक बनवलं, जून २०१८ मध्ये मंजुरी, एप्रिल २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत. कारण नवं अँटिबायोटिक जपून वापरायचं असतं, म्हणजे खप नाही, म्हणजे पैसा नाही. सिकल सेल ह्या रक्ताच्या आजारावरचं, क्रिस्पर ह्या जीन बदलायच्या तंत्राचं कॅसजेव्ही २०२३ च्या शेवटी मंजूर झालं, काम अफलातून, पण अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर आणि बहुतेक पेशंट सहाराच्या खालच्या आफ्रिकेत. आधी केमो देऊन हाडातला मगज रिकामा करावा लागतो, ती सोय असलेलं हॉस्पिटल तिथे किती जणांच्या आवाक्यात आहे? एआयने उद्या असे शंभर रेणू काढून दिले तरी ते कुणासाठी?

रसायनी

वाटसरू, मुद्दा खरा आहे, पण त्याचा दोष विज्ञानाच्या गतीवर कशाला? लेनाकॅपॅविर बघा, एचआयव्ही टाळायला सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शन. २०२४ च्या ट्रायलमध्ये युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या २,१३४ मुली-बायकांनी ते घेतलं, एकीलाही लागण नाही. अमेरिकेत वर्षाला २८ हजार डॉलर ही किंमत आहे, आणि गरीब देशांसाठी जेनेरिक वर्षाला ४० डॉलरला द्यायचे करारही झालेत. औषध आधी असायला तर हवं, मगच किमतीवरून भांडता येतं.

वाटसरू_९

करार आपोआप नाही झाले, त्यासाठी लोक भांडले. तेवढं लक्षात ठेवा.

उंबरठा

ओंजळभर ताई, तुमचा प्रतिसाद काल रात्री दोनदा वाचला. "वेळ लागतोच" हे मी फार सहज लिहून गेलो, ते वाक्य मागे घेतो.

मला म्हणायचंय ते आता नीट म्हणतो. ट्रायल लवकर होऊ शकतात, पण त्यासाठी अक्कल तिथे लावायला लागते. ब्रिटनमध्ये कोविडच्या वेळी रिकव्हरी नावाची ट्रायल मार्च २०२० मध्ये सुरू झाली. फॉर्म अगदी छोटा, साधी हॉस्पिटलं सामील, प्रश्न एकच, माणूस २८ दिवसांत वाचला की नाही. १६ जूनला निकाल हातात, डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू एक तृतीयांश कमी होतात. १९५० च्या दशकातलं अगदी स्वस्त औषध, आणि सिद्ध करायला शंभर दिवस. माझ्या ट्रायलमध्ये एकेका पेशंटमागे फाइलींचा गठ्ठा होतो, त्यातली निम्मी पानं पुढे कुणी उघडतही नाही, पण एक सही राहिली तर माझा आठवडा जातो. जितका पैसा रेणू शोधण्यात ओततायत त्याचा दहावा हिस्सा ह्यावर घाला, एवढंच माझं मागणं.

पण तुमच्या मुलीच्या आजारात मला खरंच अडचण दिसते. जगात मोजकी मुलं, प्रत्येकाची चूक वेगळी. तुलनेसाठी दुसरा गट आणायचा कुठून?

रसायनी

ह्याला उत्तर आहे. त्या बाळाच्या औषधात ते पेशीत पोचवणारा चरबीचा सूक्ष्म गोळा, डीएनए दुरुस्त करणारा एडिटर बनवायची सूचना देणारा आतला एमआरएनए, हे सगळं दुसऱ्या मुलासाठीही तेच राहू शकतं, बदलते ती फक्त पत्ता सांगणारी गाइड आरएनए. मग प्रत्येक मुलाला नवीन औषध मानून पहिल्यापासून सगळं करायला लावायच्या ऐवजी सगळी मुलं मिळून एकच ट्रायल धरायची, बदललेला पत्ता चुकीच्या जागी कात्री लावत नाही ना तेवढं प्रत्येक वेळी तपासायचं.

शांतपणे

ह्याला माझाही विरोध नाही, फक्त त्या मुलांकडे नंतर दुर्लक्ष होता कामा नये. जीन एडिटिंगच्या औषधांसाठी अमेरिकेत १५ वर्षं पाठपुरावा करायला सांगतात, तो मनापासून झाला पाहिजे. दोन-तीन वर्षांनी लोक यायचे बंद होतात, मग लिव्हरला काही झालं का, दुसरीकडे चूक झाली का, कळायला मार्ग राहत नाही.

ओंजळभर

मी येईन हो. १५ वर्षं, दर वर्षी, सांगाल त्या तारखेला, सगळे फॉर्म भरून. मुलगी आत्ता पाच वर्षांची आहे, शेवटच्या फॉर्मवर तिची तिलाच सही करता येईल.