मदत हवी आहे : रहिवासी झोनमध्ये मोठं मार्ट, हरकत कशी घ्यायची?

नमस्कार मंडळी. नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ आमच्या कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर मोठं मार्ट येणार, असं कळतंय. समोरचा रस्ता जेमतेम 9 मीटरचा. संध्याकाळी पोरं तिथेच सायकल शिकतात, मालाचे ट्रक वळणार कुठे? कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांनी लॉकडाऊनमध्ये उधारीवर आमची घरं चालवली, त्यांचं काय?

झोन बदलायचा तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा 1966 च्या कलम 37 नुसार राजपत्रात नोटीस निघते, महिनाभरात कोणीही हरकत घेऊ शकतं, हे वाचलंय. पण 2020 च्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत रस्त्याच्या रुंदीवरून रहिवासी झोनमध्येही दुकानांना परवानगी मिळते. मग नोटीस निघणारच नाही का? मंजूर नकाशा माहिती अधिकारात मागवू का? कोणाकडे हरकतीचा मसुदा असेल तर प्लीज पाठवा, रविवारी सह्या घ्यायच्यात.