कोयनेचा जलाशय की भंडारदरा? आई-वडिलांसह चार दिवसांच्या शांत मुक्कामासाठी सल्ला हवा आहे

ऐरोलीकर

नमस्कार. येत्या डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण, म्हणजे मी, पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि माझे आई-वडील, चार दिवस पाण्याकाठी राहायला जावे असा विचार करत आहोत. वडिलांनी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रे दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या विभागात, ३१ वर्षे काढली आणि निवृत्तीनंतरही आमचे घर मोठ्या रस्त्याला लागूनच असल्यामुळे त्यांच्या कानांना विसावा असा कधी मिळालाच नाही. समुद्रकिनारा त्यांना नको आहे. अलिबाग, काशीद, गणपतीपुळे हे सगळे करून झाले आहे आणि लाटांचाही शेवटी आवाजच असतो, असे त्यांचे म्हणणे आहे. "जिथे पाणी स्वस्थ असेल तिथे मला घेऊन चल," एवढेच ते म्हणाले. त्यांनी आजवर स्वतःसाठी म्हणून फारसे काही मागितलेले नाही, त्यामुळे ही इच्छा नीट पूर्ण व्हावी असे मला फार वाटते.

पवना धरणाचा परिसर जवळ असूनही मी सोडून दिला, कारण गेल्या वर्षी आम्ही तिथे गेलो तेव्हा शेजारच्या तंबूंमधील स्पीकर रात्री दीडपर्यंत वाजत होता आणि वडील उशीखाली डोके घालून झोपले होते. आता माझ्यापुढे भंडारदरा आणि कोयनेच्या जलाशयाकाठचे तापोळा असे दोन पर्याय आहेत. डिसेंबरमध्ये यांपैकी कुठे पाणी भरलेले असते, कुठे खरोखर शांतता मिळते आणि आईचे गुडघे लक्षात घेता कुठला प्रवास झेपेल, हे प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे. गाडी स्वतःची आहे.

पाचपाखाडी, ठाणे

आम्ही गेल्या सहा वर्षांत चार वेळा भंडारदऱ्याला राहून आलो आहोत, त्यामुळे त्याविषयी खात्रीने लिहू शकते. ठाण्याहून नाशिक महामार्गाने कसारा घाट चढून इगतपुरी, पुढे घोटीला उजवीकडे वळून बारीमार्गे शेंडी, असा सुमारे दीडशे-एकशे साठ किलोमीटरचा रस्ता आहे. पहाटे साडेपाचला निघालात तर भिवंडी बायपास आणि कसारा घाटातल्या ट्रकच्या रांगा लागण्याआधी तुम्ही पुढे गेलेले असता आणि दहाच्या सुमारास शेंडीत पोहोचता. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी हे अंतर फार मोलाचे आहे, असे मी माझ्या सासूबाईंच्या अनुभवावरून सांगते.

प्रवरा नदीवरचे हे दगडी धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि त्याच्या मागे पसरलेला जलाशय डिसेंबरमध्ये साधारणपणे चांगला भरलेला असतो. पुढे लाभक्षेत्रातील शेतीसाठी पाण्याची आवर्तने सुटू लागली की पातळी उतरत जाते. जलाशयाच्या दुसऱ्या टोकाला रतनवाडी आहे. तिथल्या अमृतेश्वराच्या मंदिरापर्यंत गाडी जाते, पायऱ्यांचा फारसा प्रश्न येत नाही. त्या मंदिराच्या दगडी खांबांवरचे कोरीवकाम आणि शेजारची पुष्करणी पाहत आमच्या सासूबाई दोन तास बसल्या होत्या, तेव्हा आवारात आमच्याखेरीज फक्त एक पुजारी होते. मागे रतनगड उभा असतो आणि प्रवरेचा उगम त्याच डोंगरात आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. शनिवार-रविवारी शेंडी आणि मुरशेतच्या बाजूला तंबूंची गर्दी असते आणि पवनेला तुम्हाला जो त्रास झाला तोच इथेही होऊ शकतो. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांच्या दिवसांत तर गाड्यांच्या दिव्यांनी अंधार उरतच नाही, काजव्यांचेही त्यात नुकसानच होते आणि त्याचे मला फार वाईट वाटते. सोमवार ते गुरुवार जा. राहण्यासाठी तंबू घेऊ नका, पक्की खोली घ्या, कारण डिसेंबरच्या रात्री तिथे कडाक्याची थंडी असते. गावातल्या घरी जेवण सांगितलेत तर नागलीची गरम भाकरी, पिठले आणि ठेचा मिळतो. तसे आदल्या दिवशी कळवून ठेवावे.

घणसोली, मूळ गाव कांदाटी खोरे

आपल्या वडिलांचे वाक्य वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. माझे आजोळ कांदाटीच्या खोऱ्यातले आहे आणि ज्या पाण्याला सगळे तापोळ्याचे बॅकवॉटर म्हणतात त्याच्या तळाशी आजोबांची भातखाचरे आहेत. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कोयना धरणाचा हा शिवसागर जलाशय सुमारे ५० किलोमीटर लांब आहे आणि तो अरुंद, डोंगरांच्या बोटांमध्ये शिरलेला आहे. धरण दक्षिणेला पाटण तालुक्यात, तर तापोळा उत्तरेच्या टोकाकडे, जिथे कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांचे पाणी एकत्र येते. टोकाकडचा भाग उथळ असतो. त्यामुळे वीजनिर्मितीसाठी पाणी उचलले जाऊ लागले की सर्वांत आधी उघडा पडतो तो तापोळ्याकडचा काठ, आणि एप्रिल-मेमध्ये तिथे पाण्याऐवजी भेगाळलेला गाळ दिसतो. बामणोली त्याच्या खालच्या अंगाला, धरणाच्या दिशेने आहे, म्हणून तिथे पाणी जास्त काळ टिकते. डिसेंबरमध्ये दोन्हीकडे पाणी मुबलक असते. हे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या वीजघराकडे जाते आणि तिथून वाशिष्ठी नदीला मिळते, म्हणजे पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीचे पाणी कोकणात उतरते. मुलीला हे नकाशावर दाखवा, मुलांना ते फार आवडते.

आता शांततेविषयी. ही शांतता जंगलामुळे आहे तशीच ती माणसे निघून गेल्यामुळेही आहे. साठच्या दशकात धरण झाले तेव्हा खोऱ्यातली गावे उठली, काही कुटुंबे वर डोंगरात सरकली, काहींना दूरच्या जिल्ह्यांत जमिनी मिळाल्या आणि पुढच्या पिढ्या पोटासाठी मुंबई-नवी मुंबईला आल्या. माझे वडील वाशीच्या बाजारात माथाडी होते आणि आमच्या चाळीत निम्मी घरे जावळी-पाटणकडची होती. आज पलीकडच्या काठावरच्या पुष्कळ घरांत म्हातारी माणसेच राहतात. मी लहान असताना एका मे महिन्यात पाणी खूप खाली गेले होते, तेव्हा आजोबांनी मला काठावर नेऊन गाळातून वर आलेला एक चौथरा दाखवला. देवळाचा होता. त्यांनी चप्पल काढून त्यावर हात ठेवला आणि आम्ही काही न बोलता परत आलो. आपल्या वडिलांना तिथली शांतता नक्की मिळेल, पण ती कुठून आली हे कुटुंबातल्या सर्वांना माहीत असावे असे मला वाटते, म्हणून हे लिहिले.

प्रवासाचे म्हणाल तर महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरणारा रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा आहे, ज्येष्ठांना त्यात मळमळ होते. त्यापेक्षा पुणे-साताऱ्यापर्यंत महामार्गाने जाऊन यवतेश्वरचा घाट चढावा आणि कासच्या पठारावरून बामणोलीला उतरावे. ऐरोलीपासून हे अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर होते, म्हणून साताऱ्यात दुपारचे जेवण आणि थोडी विश्रांती हवीच. कासची फुले ऑक्टोबरमध्ये संपतात आणि डिसेंबरमध्ये पठार पिवळे, कोरडे असते, त्यामुळे गर्दीही नसते. वासोटा किल्ल्यावर जाण्याचा मोह मात्र टाळावा. वनखात्याची परवानगी काढून, लाँचने दीर्घ अंतर कापून मग जंगलातली उभी चढण आहे, ती आपल्या मंडळींसाठी नाही.

कळवा

वरील दोघांनीही उत्तम लिहिले आहे. मी केवळ एवढेच जोडतो की बामणोलीत मोबाइलची रेंज बेभरवशाची आहे आणि मोठे रुग्णालय साताऱ्यातच आहे. त्यामुळे आई-वडिलांची नेहमीची औषधे दोन दिवसांची जास्तीची घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी कागदावर जवळ ठेवा आणि खोली ठरवताना कमोड आहे का हे फोनवर विचारून त्याचा फोटो मागवा. आम्ही तसे न केल्यामुळे माझ्या मावशीचे दोन दिवस फार हाल झाले होते. साताऱ्यातच पेट्रोल भरून घ्या.

ऐरोलीकर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. घणसोलीच्या दादांचा मजकूर मी वडिलांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले की त्यांच्या शॉपमध्येही पाटणकडचे तिघे होते, दर वर्षी यात्रेला रजा टाकून गावी जायचे, पण तिथे काय होऊन गेले हे आपण कधी विचारले नाही. आता त्यांना बामणोलीलाच जायचे आहे. भंडारदरा आम्ही फेब्रुवारीत दोन दिवसांसाठी करू, ताईंनी सांगितल्याप्रमाणे आठवड्याच्या मधल्या वारी.

साताऱ्यात एक रात्र थांबून दुसऱ्या दिवशी सकाळी कासमार्गे उतरावे असे ठरते आहे. फक्त एक शंका उरली आहे. आईला लाँचमध्ये चढता येईल का? तिचा उजवा गुडघा पूर्ण वाकत नाही, आणि ती काठावर एकटी बसून राहिली तर वडीलही पाण्यात जाणार नाहीत.

घणसोली, मूळ गाव कांदाटी खोरे

साताऱ्यात थांबण्याचा निर्णय योग्य आहे.

आईंना चढता येईल, पण थोडी तयारी करावी लागेल. पाण्याची पातळी सतत बदलत असल्यामुळे लाँच जिथे लागते ती जागाही बदलते, आणि काठापासून पाण्यापर्यंत मुरमाचा उतार असतो, ज्यावर दवामुळे सकाळी पाय घसरतो. डिसेंबरमध्ये हा उतार लहान असतो, मार्चनंतर तो लांबत जातो. लाँचच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, एक फळी टाकतात आणि तिच्यावरून दोन-तीन पावलांत आत जायचे असते. आईंना पाठमोरे किंवा घाईने चढवू नका. एक लाँचवाला आत उभा राहून दोन्ही हात धरतो, आपण मागे उभे राहा आणि त्यांनी चांगला पाय आधी वर टाकावा, दुखरा नंतर. उतरताना याच्या उलट, दुखरा पाय आधी खाली. पायात रबरी तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल हवी. लाँचमधली बाके बुटकी असतात, म्हणून घरून एक जाड उशी न्या, म्हणजे गुडघा फार वाकणार नाही. लाइफ जॅकेट पाचही जणांनी घालायचे, आणि मुलीच्या मापाचे आहे का हे आधी पाहायचे.

काठावर आल्यावर लगेच भाडे न ठरवता लाँचवाल्यांच्या बुकिंगच्या खिडकीवर जा, तिथे फेऱ्यांचे दर लावलेले असतात. सकाळी आठच्या सुमारास, पाण्यावरचे धुके उठायच्या बेतात असताना निघा. दुपारनंतर वारा सुटतो आणि लाँच हलते, ते आईंना सोसणार नाही.

एक शेवटचे, वडिलांसाठी. या लाँचना डिझेलचे इंजिन असते आणि त्याची धडधड प्रेस शॉपइतकी नसली तरी चालू असेपर्यंत दुसरे काही ऐकू येत नाही. पुष्कळ जण तासभर फिरून त्या आवाजातच परत येतात. आपण लाँचवाल्याला सांगा की दोन्हीकडचे डोंगर जवळ येतात तिथे मध्यावर पंधरा मिनिटे इंजिन पूर्ण बंद ठेवायचे आणि त्या वेळेचे वेगळे पैसे देऊ. ते आनंदाने थांबतात, कारण तेवढे डिझेल वाचते. मात्र हे फळीवर पाय ठेवण्याआधी ठरवून घ्या आणि मुलीलाही तेवढा वेळ न बोलण्याविषयी आधीच सांगून ठेवा.