निगेटिव्ह अहवाल आणि मधला काळ

जोडप्यातील दोघांचे एचआयव्ही चाचणीचे अहवाल निगेटिव्ह आले की निरोध लगेच सोडायला हरकत नाही, असे मत मांडले जाते; ते मला धोक्याचे वाटते. एचआयव्हीचा संसर्ग झाल्यावर काही आठवडे तो चाचणीत दिसतच नाही. प्रयोगशाळेत होणारी चौथ्या पिढीची चाचणी (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडे दोन्ही शोधणारी) बहुतेक संसर्ग ४५ दिवसांत पकडते, परंतु बोटातून रक्त घेऊन केलेल्या तत्काळ चाचणीसाठी ९० दिवस धरावे लागतात. म्हणून शेवटच्या जोखमीच्या संबंधानंतर एवढा काळ उलटल्यावर दोघांनी एकत्र जाऊन तपासणी करावी आणि तोवर निरोध वापरावाच.

कोकणात अडचण पैशांची नाही, कारण रत्नागिरी आणि ओरोसच्या जिल्हा रुग्णालयांत ही तपासणी मोफत होते. मालवण किंवा देवगडच्या माणसाला भीती असते ती रुग्णालयाच्या दारात ओळखीचे कोणी भेटण्याची, आणि ती भीती मी क्षुल्लक मानत नाही. अशांनी दुसऱ्या तालुक्यातील केंद्र गाठावे, मुंबईला जाणे होत असेल तर तिथले. संमतीशिवाय चाचणी करण्यास आणि अहवाल इतरांना सांगण्यास २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. जाण्याआधी बोलायचे असल्यास १०९७ हा शासकीय क्रमांक विनाशुल्क आहे.

निरोधाविना संबंध नुकताच घडला असेल, तर चाचणीची वाट पाहत बसू नये. प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत, आणि शक्यतो पहिल्या काही तासांतच, सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात.