गळ घेऊन हिमाचल गाठायचं, मग बालाघाटातले तलाव कोणासाठी?

दोरीवाला (बीड)

आपल्याकडच्या पोरांना सध्या नवा नाद लागलाय. रॉड-रील घ्यायचं, दिल्ली गाठायची आणि तिथून हिमाचलात तीर्थन खोरं, नाहीतर उहल नदीवरचं बरोट. ट्राऊट धरायची, फोटो काढायचा, मासा परत पाण्यात सोडायचा. मी पण तीर्थनला जाऊन आलोय, त्यामुळं नावं ठेवायला बसलेलो नाही. उलट तिथली व्यवस्था बघूनच हे लिहायला घेतलं.

तिथं मत्स्य खात्याचा परवाना काढल्याशिवाय गळ टाकता येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राऊट धरायला बंदी, कारण तो तिचा अंडी घालायचा काळ. गावातलाच एखादा माणूस सोबत येतो. कोणत्या दगडाच्या आडोशाला मासा बसतो ते त्याला ठाऊक असतं, आणि त्याची मजुरी निघते. नदीकाठच्या घरांत मुक्काम, त्यांच्याच चुलीवरचं जेवण. नदीवर लोकांचं पोट आहे म्हणून लोक नदीला जपतात. तीर्थनवर वीजप्रकल्प येणार होते, तेव्हा तिथल्या लोकांनी लढून नदी मोकळी ठेवली.

आता आपल्याकडं बघा. मांजरसुंब्यापासून पाटोदा, आष्टीपर्यंत बालाघाटाच्या घड्यांमध्ये किती पाझर तलाव, किती साठवण तलाव. वर सौताड्याचा धबधबा, कपिलधार, नायगावचं मयूर अभयारण्य. जरा लांब गेलं की येलदरी, सिद्धेश्वर, माजलगावची धरणं. पावसाळा सरल्यावर संक्रांतीपर्यंत हवा अशी की घरात बसवत नाही. एका माणसाला एक गळ, दिवसाचा परवाना, पैसे थेट तलावाच्या मच्छीमार संस्थेला, धरलेला मासा सोडून द्यायचा. एवढं जमणार नाही का आपल्याला? पुण्यामुंबईचे लोक येतील, पाटोद्याच्या पोरांना चार पैसे मिळतील. विरोध असेल तर कारणासकट सांगा.

पाण्यातला माणूस (पैठण)

दोरीवाले भाऊ, एवढं सगळं लिव्हलं पण तलाव कोणाचा ते लिव्हलंच न्हाई. तलाव मोकळा नसतो. ठेक्यानं घेतलेला असतो, पाच-पाच वर्षांच्या. ठेक्याची रक्कम संस्था भरती, बोटुकली म्हंजी माशाची बोटाएवढी पिलं संस्था सोडती, राखण संस्था करती.

बोटुकली कशी येती बघितलंय का कधी? प्लास्टिकच्या पिशवीत पाणी आन वर ऑक्सिजन भरून, टेम्पोत रचून, उन्हाच्या आत पोचावी म्हणून रातच्याला. आली की पिशवी लगेच फोडायची न्हाई. तशीच बंद पाण्यावर तरंगत ठिवायची. आतलं पाणी आन तलावाचं पाणी सारखं गार झालं की मग तोंड सोडायचं, हळूहळू. घाई केली की सगळी पांढरी होऊन वर येती. त्या बोटुकलीचा किलोभराचा कटला व्हायला वरीस जातं. मग रविवारी तुमच्यासारखा हौशी माणूस भिंतीवर खुर्ची टाकून बसतो.

आन मासा सोडून देतो म्हणता ते तुम्ही. बाकीचे पिशवी भरून नेतात. वरून गळ आमच्या जाळ्यात गुतला की ब्लेडनं जाळंच कापून मोकळे. जाळं फुकट येतं का?

भर उन्हाळा (लातूर)

पर्यटन नंतर. आधी मे महिन्यात तलावात पाणी राहील याची हमी कोण देतंय ते सांगा. २०१६ ला आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मांजरा धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. त्या वर्षी परवाना कसला देणार होता, भेगांत गळ टाकायचा?

दोरीवाला (बीड)

लातूरकर, म्हणूनच संक्रांतीपर्यंत म्हणालो. बारमाही कोण म्हणतंय? ट्राऊटचा हंगामसुद्धा बारमाही नसतो.

पैठणच्या भाऊंचा राग रास्त आहे. पण त्यांनी सांगितलं ते बिनपरवान्याच्या माणसाचं वागणं आहे, आणि परवाना मागतोय तो त्याच्यासाठीच. आज भिंतीवर बसणारा फुकट बसतो. उद्या तो संस्थेला पैसे भरून बसेल आणि जाळं कापलं तर भरपाई देईल. यात संस्थेचं नुकसान कुठं आहे?

टिटवी (परभणी)

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल.

हिमाचलचं उदाहरण इथं लागू होत नाही, हा माझा पहिला आक्षेप. ट्राऊट मुळात तिथली नाहीच. ब्राउन ट्राऊट इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या हौसेसाठी तिथल्या नद्यांत सोडली. तिला वीस अंशांच्या खालचं, वाहतं, प्राणवायूनं भरलेलं पाणी लागतं, आणि बर्फ वितळून येणाऱ्या नद्या ते पुरवतात. बालाघाट हा बेसाल्टचा, जेमतेम सहाशे-सातशे मीटर उंचीचा कोरडा डोंगर. पडलेलं पाणी तो वाटून देतो. मांजरा आणि सिंदफणा गोदावरीकडे जातात, विंचरणा सीनेकडे. वर फार काही थांबत नाही. थांबतं ते माणसानं घातलेल्या बांधामागे, आणि त्या पाण्यात कटला, राहू, मृगळ असतात तेही बोटुकली सोडली म्हणूनच. शिवाय चिलापी, म्हणजे बाहेरून आलेला तिलापिया मासा, जी कोणी न बोलावता सगळीकडे पोचली आहे.

मग गळवाले कशामागे लागतील? मरळीमागे. आपल्या पाण्यातला तो मासा झडप घालून गळाशी झुंजतो, हे दोरीवाल्यांना चांगलं माहीत आहे. पावसाळ्यात मरळीची जोडी पिलं राखते. पिलांचा लालसर घोळका पाण्याच्या अगदी वरच्या थरात फिरतो, श्वास घ्यायला सगळी एकदम वर येतात, तेव्हा तिथलं पाणी पावसाचे थेंब पडल्यासारखं तडतडतं. नर-मादी खाली असतात. हौशी लोक नेमके त्या घोळक्यावर गळाला लावलेला रबरी बेडूक आमिष म्हणून फेकतात. पिलांवर कोणी आलं असं समजून मोठी मरळ चवताळून तोंड घालते आणि अडकते. तिला बाहेर काढून फोटो होईपर्यंत खालची पिलं इतर माशांनी आणि पाणकावळ्यांनी फस्त केलेली असतात. मग ती सोडली काय आणि तळली काय, त्या वर्षीची वीण गेली.

आणि जायकवाडीचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोडा. तिथला जलाशय, नाथसागर, १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथल्या मच्छीमारांचाच प्रश्न अजून धड सुटलेला नाही, त्यात पर्यटकांचे गळ कुठे घालता?

दोरीवाला (बीड)

मॅडम, जायकवाडीचं नाव मी मुद्दामच घेतलेलं नाही. वर वाचून बघा. आणि मरळीच्या विणीचं म्हणाल तर पावसाळ्यात बंदी घाला, माझा पाठिंबा आहे.

पण कावेरीचं काय सांगाल? कर्नाटकात भीमेश्वरी, गलीबोरे, दोड्डमकळी इथं महाशीर या नदीतल्या मोठ्या माशासाठी गळवाल्यांच्या मुक्कामाचे कॅम्प होते. पूर्वी सुरुंग लावून मासे मारणारी माणसं तिथं राखणदार म्हणून कामाला लागली. मग अभयारण्यात गळ चालणार नाही म्हणून वन्यजीव कायद्यावर बोट ठेवून ते बंद केलं. राखण गेली आणि सुरुंगवाल्यांना रान मोकळं झालं, असं तिथले जुने गळवाले सांगतात. बंदीनं मासा वाचतो हे दरवेळी खरं नसतं.

टिटवी (परभणी)

कावेरीची गोष्ट अर्धीच सांगितलीत. तिथला मूळ मासा म्हणजे कुबड असलेला महाशीर, जगात दुसरीकडे कुठेही नाही. त्याच नदीत वर्षानुवर्षं दुसऱ्या जातीच्या महाशीरची पिलं सोडली गेली. ती जात आपली दख्खनची, आणि तिची पैदास लोणावळ्याच्या केंद्रात झालेली. गळवाले खूश, कारण गळाला मासे भरपूर लागू लागले. पण नव्या माशानं जुन्याला मागे रेटलं असं अभ्यासक मानतात. कुबडवाल्याला नीट शास्त्रीय नाव मिळालं २०१८ साली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीतही गेला.

पर्यटक आला की त्याला मासा लागलाच पाहिजे, नाहीतर तो पुन्हा येत नाही. मग कोणीतरी तलावात काहीतरी आणून सोडतं. मला भीती आहे ती याची. तुमच्या गळाची तेवढी नाही.

पहाडी पाय (संभाजीनगर)

मला दोन्ही बाजू पटत नाहीत. मी उत्तराखंडात पंचेश्वरला गेलोय, काली आणि सरयूच्या संगमावर. पलीकडं नेपाळ. तिथं दिवसभर गळ टाकून एकही महाशीर लागला नाही तरी कोणी कुरकुर करत नाही, कारण आपण त्या डोंगरात, त्या पाण्यापाशी बसलेलो असतो. मासा हे निमित्त आहे.

दोरीवाल्यांनी साठवण तलावाच्या मातीच्या भिंतीला 'डोंगरातलं ठिकाण' म्हणून खपवू नये, एवढंच म्हणणं. येड्या बाभळी, बंद पडलेला पंप, काठावर म्हशी. पुण्याचा माणूस एकदा येईल. सौताडा बघायला लोक येतातच की, त्यांना गळाची गरज पडली नाही. रामेश्वराच्या दरीत उतरायला नीट पायऱ्या आणि वर एखादं स्वच्छतागृह, एवढं झालं तर पाटोद्याच्या पोरांचा धंदा जास्त होईल.

भर उन्हाळा (लातूर)

म्हशींना काही बोलायचं नाही. तलावावर पहिला हक्क त्यांचा.

माळकरी (अंबाजोगाई)

माझ्या गळ्यात माळ आहे, मासा मी खात नाही. पण कोणी पोटासाठी धरला तर त्याला कधी बोललो नाही. भोई, कोळी, कहार पिढ्यान्‌पिढ्या धरत आले, त्यात वावगं काय? मात्र हे पकडायचं, टाळूला काटा घुसलेला वर उचलायचा, हसून फोटो काढायचा आणि उपकार केल्यासारखं सोडून द्यायचं, हे मला समजत नाही. खायचा तर खा बाबा. नाहीतर त्याला त्याच्या जागी राहू दे.

महाडजवळ वाळणकोंडीला देवीच्या डोहात मोठमोठे महाशीर आहेत. लोक काठावरून खायला घालतात, मासे हाताशी येतात. तिथं कोणी गळ टाकत नाही, आणि तरी लांबून लांबून माणसं बघायला जातात. तुम्हाला मासा दाखवून पर्यटन करायचं असेल तर तेही एक रूप आहे.

दोरीवाला (बीड)

माउली, माशाला त्रास होत नाही असं मी म्हणणार नाही. कमी कसा करायचा तेवढं सांगतो. गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट करायचा, म्हणजे तो झटकन निघतो. हात ओले करूनच मासा धरायचा, कारण कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथं बुरशी लागते. गळ काढायचा तो शक्यतो पाण्यातच. हे सगळे जण करतात का? नाही करत. म्हणून तर सोबत गावातला माणूस आणि नियम असावा म्हणतोय.

वाळणकोंडीसारखं आपल्याकडं कुठं होऊ शकतं, हा मात्र विचार करण्यासारखा मुद्दा आहे.

येलदरी कॉलनी (जिंतूर)

एक व्यवहाराची गोष्ट. धरणाच्या भिंतीवर आणि दरवाज्यांच्या खालच्या अंगाला कोणाला बसू देऊ नका, परवाना असो नसो. विसर्ग सोडताना भोंगा वाजतो, पण रील फिरवत बसलेल्या माणसाला तो ऐकू येत नाही. खालच्या डोहात मासा जास्त असतो म्हणून सगळ्यांची धाव तिकडंच असते. लहानपणापासून बघत आलोय.

पाण्यातला माणूस (पैठण)

घरात सगळ्यांनी वाचलं. माझा बाप म्हणला, लोक यायचेच असतील तर येऊ द्या, पण मालक कोण ते आधी ठरवा. म्हणून सांगतो.

परवाना संस्थेनं द्यायचा, तहसीलातून न्हाई. एका दिवसाला किती माणसं ते संस्था ठरवणार. जिथं आमचं जाळं लागलंय तिकडं गळ न्हाई. मॅडम म्हणल्या तसं पावसाळ्यात बंद, आन बोटुकली सोडल्यापास्नं पुढचे काही महिने पण बंद. चिलापी लागली तर परत सोडायची न्हाई, काठावर काढायची. ती आमची बोटुकली खाती, तिच्यावर दया नको. तेवढी एक घरी न्या, तळून खा. माळकरी बाबांचं पण समाधान व्हईल.

आन सोबत येणाऱ्या माणसाची मजुरी रोख, त्याच दिवशी.

टिटवी (परभणी)

चिलापीबद्दल पूर्ण सहमत. बाहेरून एकही नवा मासा सोडणार नाही, एवढी अट लेखी घाला. मग माझा विरोध निम्म्यावर येईल. उरलेला निम्मा मरळीसाठी राखून ठेवते.

दोरीवाला (बीड)

चिलापीसाठी कोण पुण्याहून येणार, मॅडम? पण बरं. पैठणच्या भाऊंच्या सगळ्या अटी मला मान्य आहेत, एक सोडून. किती माणसं ते संस्थेनं एकटीनं ठरवलं तर ओळखीपाळखीचेच आत जातील. आकडा ग्रामसभेत ठरावा.

पाण्यातला माणूस (पैठण)

ग्रामसभेत आमची घरं किती आन बाकीच्यांची किती? तिथं आकडा ठरला की तलाव गेलाच समजा. ह्या अटीवर मागं सरणार न्हाई.