राखणीची बंदूक वेगळी

दादा, अमेरिकेसारखा बंदुकीचा हक्क आपल्याकडंही हवा, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. पण सरसकट बंदी मागणाऱ्यांनीही एकदा आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलकाठी रात्री राखणीला बसावं. कणकुंबी, लोंढ्याकडं भात पोटरीला आलं की रानडुकरं नि गवे शेतात उतरतात. माळ्यावरच्या माणसाला हवेत एक बार काढता येणं हा मोठा आधार असतो. (गव्यावर गोळी झाडणं मात्र गुन्हा, आणि तो असायलाच हवा.)

तिकडं १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीनं हक्क दिला. आपल्याकडं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं परवाना मिळतो, आणि तेच बरं आहे. कर्नाटकातच कोडगूच्या (कुर्गच्या) कोडव समाजाला परवान्यातून सूट आहे, पण ती सगळ्यांना द्या म्हणणं धोक्याचं वाटतं. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं माणशी दोनच बंदुका ठेवल्या, वरातीत बेफिकीर गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद. दोन्ही मला मनापासून मान्य. भर वस्तीत वर झाडलेली गोळी कुणाच्या तरी अंगणात खाली येतेच.

माझी तक्रार दुसरीच आहे. निवडणूक लागली की राखणीच्या बंदुकाही ठाण्यात जमा करायला लावतात, तेव्हा रानात ऊस उभा असला तरी. कुणाच्या बंदुका जमा करायच्या हे ठरवणाऱ्या छाननी समितीनं पीकराखणीचे परवाने वेगळे पाहावेत. आणि नूतनीकरणाचे कागद आमच्या म्हाताऱ्यांना कन्नडसोबत मराठीतही मिळावेत. मुदत हुकली की घरातली बंदूक बेकायदा ठरते.