सवाईला पहिल्यांदाच जाऊन राहिलोत नागपूरहून, काय काय पाहून ठेवावं?

रामदासपेठची_श्रोती

नमस्कार मंडळी. यंदा डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला जायचं पक्कं केलंय, मी, आई आणि माझी धाकटी बहीण. आई लहानपणापासून रेडिओवर गाणं ऐकत आलीये, तिला राग बरोबर ओळखता येतात. बहिणीला गाण्याची आवड आहे पण शास्त्रीय असं समोर बसून कधीच ऐकलेलं नाही. आईचे गुडघे दुखतात म्हणून भारतीय बैठक घ्यावी की खुर्ची हा पहिला प्रश्न. दुसरं म्हणजे पाचही दिवस थांबायचं की दोन दिवस पुरतात, कारण सुट्टीचं अवघडच दिसून राहिलं. गाडी कोणती, उतरायचं कुठे, खायचं काय हे पण सांगा. आणि राग वगैरे काहीच कळत नसेल तर माणूस एवढे तास बसू शकतो का, हे बहिणीच्या वतीने विचारतेय. ज्यांनी केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा ना प्लीज.

अजनी_जंक्शन

ताई, सगळ्यात आधी रिझर्वेशन करा, बाकी सगळं नंतर. बुकिंग आता ६० दिवस आधी उघडते आणि डिसेंबरात आपल्याकडे अधिवेशन असते, त्यात लग्नसराई, त्यामुळे गाड्या काय आणि ट्रॅव्हल्स काय, सगळं भरून राहते. हावड्याहून येणारी आझाद हिंद आहे, पण ती लांबून येते, लेट झाली की अख्खा प्लॅन बिघडते, म्हणून मी तर म्हणतो नागपूर नाहीतर अजनीहूनच सुटणारी गाडी पकडा. अजनी-पुणे वंदे भारत सकाळी निघते आणि रात्री पोचवते, पण साधारण १२ तास बसून जायचं आहे, आईंना जमत असेल तरच, नाहीतर रात्रभर झोपून जाणारी गाडी बरी. काहीही करा पण सकाळी पुण्यात उतरून दुपारी गाणं ऐकायला बसायचं असं ठरवू नका. एक दिवस आधी पोचा, आराम करा. एवढ्या प्रवासाने थकलेलं अंग विलंबित ख्यालात, म्हणजे अगदी संथ लयीतल्या गाण्यात, हमखास पेंगते आणि मग आपल्याला वाटते की गाणंच बोअर होतं.

जागा मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात. आधी रमणबागेच्या शाळेच्या मैदानावर व्हायचा, त्यामुळे जुने लोक अजूनही तोच पत्ता सांगतात, तिकडे जाऊ नका. पुणे स्टेशनवरून मेट्रो पकडली तर सिव्हिल कोर्टला बदलून स्वारगेटपर्यंत येता येते, तिथून रिक्षा, जवळच आहे. मुक्काम पण स्वारगेट, मुकुंदनगर, बिबवेवाडी याच भागात घ्या, दोन पैसे जास्त लागले तरी चालेल. नातेवाईक कोथरूड नाहीतर वाकडला असतील आणि "हॉटेल कशाला, घरी या ना" म्हणतील, पण पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये रोज जाणं-येणं म्हणजे आईंचा जीव जाईल, त्यांना एक दिवस जेवायला भेटा आणि राहा मंडपाजवळच.

सिव्हिल_लाइन्सची_काकू

पोरी, बहिणीला नेच. आणि दोन दिवसच मिळत असतील तर दोनच दिवस जा, पण ते दोन दिवस पहिल्या कलाकारापासून शेवटच्यापर्यंत बस, हे माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे. पाचही दिवस संध्याकाळी सातला यायचं, मोठं नाव ऐकायचं आणि उठायचं, याने काही हाती लागत नाही.

लोक दुपारचं सत्र सोडतात याचं मला फार वाईट वाटतं. दुपारी बहुतेक तरुण कलाकार असतात, सवाईच्या मंचावर पहिल्यांदा गाणारे असतात, वर्षानुवर्षांचा रियाज त्या तासाभरात मांडायचा असतो त्यांना, आणि समोर निम्मा मंडप रिकामा! मुलतानी, भीमपलासी, पटदीप, मधुवंती हे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळतात ते तेव्हाच. आपल्या रोजच्या जगण्यात दुपारी चार वाजता कोण भीमपलासी ऐकतो गं? मग सूर्य मावळताना मारवा, पूरिया, श्री, आणि रात्री यमन, बिहाग, बागेश्री. असं ओळीने ऐकलं की वेळ आणि राग यांचं नातं बहिणीला न शिकवता समजेल. पूर्वी तर रात्रभर मैफल चालायची आणि लोक सकाळ करून घरी जायचे. आता लाउडस्पीकरच्या नियमामुळे रात्री १० ला थांबावं लागतं, शनिवारी तेवढी १२ पर्यंत परवानगी असते, म्हणून पहाटेचे राग फारसे वाट्याला येत नाहीत. दोन दिवस निवडायचे तर शनिवार-रविवार घे.

आता तिच्या "कळत नाही"बद्दल. कलाकार बसला की पाच-दहा मिनिटं तानपुरे लावत राहतो, तेव्हा लोक गप्पा मारतात, तुम्ही मारू नका, तो सूर कानात बसू द्या, पुढचं सगळं त्याच्यावरच उभं राहतं. मग येतो बडा ख्याल, बरेचदा विलंबित एकतालात, १२ मात्रांचा, पण इतका सावकाश की मात्रा मोजणाराही हरवतो. तिला म्हणावं मोजू नको. बंदिशीचा, म्हणजे बांधलेल्या गीताचा, मुखडा तेवढा लक्षात ठेव, पहिले दोन-चार शब्द. गायक आलापात, म्हणजे रागाच्या सावकाश विस्तारात, कितीही लांब फिरून आला तरी तेच शब्द घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो, आणि तो आला की आजूबाजूची शे-दोनशे डोकी एकदम हलतात, कुणाचा हात मांडीवर पडतो, कुणी "वा" म्हणतं. दोन-तीन आवर्तनं, म्हणजे तालाचे पूर्ण फेरे, नुसती ती डोकी पाहायची. त्याच्या पुढच्या वेळी सम येण्याआधीच तिचं अंग सावरून बसेल बघ. तिथून पुढे तिला कुणी काही सांगायची गरज नाही.

जायच्या आधी घरी एवढं करा, एकच राग घ्या, समजा यमन, आणि तीन वेगवेगळ्या गायकांचा ऐका. एक किराणा घराण्याचा, एक ग्वाल्हेरचा, एक जयपूरचा, घराणं म्हणजे गाण्याची गुरू-शिष्यांतून चालत आलेली शैली. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये हा महोत्सव सुरू केला तो गुरूंच्या आठवणीसाठी. सवाई गंधर्व, म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, आदल्याच वर्षी गेले होते, आणि ते किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य, म्हणून किराण्यापासून सुरुवात करायची. २०११ ला भीमसेनजी गेले, मग त्यांचंही नाव जोडलं गेलं. आणि पुढच्या वर्षी जायच्या आधी आपल्याच वसंतराव देशपांडे सभागृहात पावसाळ्यात त्यांचा स्मृती समारोह होतो तिथे बहिणीला नक्की बसव, गायक वसंतराव आपल्या नागपुरात वाढलेले, एवढं मोठं गाणं घराजवळ होतं आणि आपली मुलं तिकडे फिरकत नाहीत.

वर्धा_रोडवाला

काकूंनी गाण्याचं सांगितलं त्याच्यापुढे बोलण्यासारखं काही नाही, फक्त दुपारपासून रात्री दहापर्यंत एका जागी बसणं नवीन माणसाला खरंच जड जाते, त्यामुळे मधल्या एका कलाकाराच्या वेळी बाहेर पडून चक्कर मारली तर काही बिघडत नाही असं माझं मत आहे. पण उठायचं ते दोन कलाकारांच्या मधे. आलाप सुरू असताना उठून मागच्या तीस जणांच्या समोरून जाणारी माणसं पाहिली की फार त्रास होतो. उठावंच लागलं तर एक बंदिश संपून टाळ्या वाजतात तेव्हा उठा.

खुर्ची की बैठक, तर बैठकीत गाणं जास्त भिडते, लोक मांडीला मांडी लावून बसतात, दाद पण तिथूनच येते. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाने तिथे बसू नये, आईंना खुर्चीच घ्या. बैठकीत जो बसेल त्याने एक जाड सतरंजी नाहीतर घडी केलेली चादर आणि कमरेला छोटी उशी न्यावी. चपला ठेवायला कापडी पिशवी ठेवा जवळ, नाहीतर रात्री दहा वाजता चपलांच्या ढिगात शोधत बसाल. शाल आणि स्वेटर दोन्ही घ्या, दुपारी मंडपात घाम येते आणि आठनंतर थंडी वाजते. खायचे स्टॉल आत असतात, पण कलाकार संपला की सगळे एकदमच तिकडे पळतात, म्हणून घरून थोडा चिवडा, तिळाचे लाडू असं काहीतरी डब्यात घ्या. डब्यातच घ्या बरं का, प्लास्टिकच्या पाकिटाचा कुरकुर आवाज विलंबितमधे दहा रांगा ऐकू जाते. मोबाइल सायलेंट नाही, बंदच करा, आणि रेकॉर्डिंग करू नका, हात वर करून शूट करणाऱ्याच्या मागे बसलेल्याला फक्त स्क्रीन दिसते.

अजून एक, सकाळी वेळ असला तर शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात महोत्सवाच्या दिवसांत 'षड्ज' आणि 'अंतरंग' होते, संगीतावरचे माहितीपट आणि कलाकारांशी गप्पा. बहिणीसाठी हे फार कामाचं आहे, ज्या माणसाला सकाळी बोलताना ऐकलं त्याचं किंवा त्याच्या घराण्याचं गाणं संध्याकाळी वेगळंच ऐकू येते.

रामदासपेठची_श्रोती

सगळ्यांचे मनापासून आभार! आईला काकूंचं वाचून दाखवलं तर ती म्हणाली शनिवार-रविवारच काढ आणि दुपारपासून बसू. एकच शंका, आई खुर्चीत आणि आम्ही दोघी बैठकीत असं केलं तर चालेल का, की तिला एकटीला सोडू नये?

सिव्हिल_लाइन्सची_काकू

चालेल गं, पण एकीने आईजवळ बसावं आणि दिवस बदलला की दोघींनी जागा बदलावी. दोघींनाही बैठक मिळेल. तिकीट काढतानाच खुर्च्यांचा आणि बैठकीचा विभाग कुठे आहे ते पाहून घ्या, कडेची जागा मिळाली तर आईला उठाय-बसायला सोपं. आणि रविवारी रात्रीची परतीची गाडी अजिबात काढू नका, सोमवारची काढा. शेवटी सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात, आईला ती सोडून उठायला लावू नका.

अजनी_जंक्शन

सोमवारची गाडी काढताना पाहून घ्या ताई, काही गाड्या रोज नसतात. आणि गर्दीत मोबाइलला रेंज धड नसते, त्यात तुमचे फोन बंद, तेव्हा मंडपात शिरल्या शिरल्या भेटायची एक जागा ठरवून टाका, एखादा पुस्तकांचा स्टॉल वगैरे. आईंच्या पर्समधे हॉटेलचं नाव-पत्ता कागदावर लिहून ठेवा, शनिवारी बाराला सगळे एकदम बाहेर पडतात आणि रिक्षा लवकर भेटत नाही, सकाळीच कुण्या रिक्षावाल्याशी रात्रीचं बोलून ठेवलं तर बरं राहील.